फिल्म कॅमेऱ्यावरचे फोटो: रोल भरण्यापासून चारचौघांना दाखवण्यापर्यंत

जुन्या फिल्म कॅमेऱ्याने काढलेला फोटो स्क्रीनवर बघताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. आपण बघतोय ते स्कॅन असतं, मूळ फोटो निगेटिव्हमध्ये, म्हणजे धुतलेल्या फिल्मवरच्या उजेड-अंधार उलट दिसणाऱ्या चित्रात असतो. एकाच निगेटिव्हचं दोन ठिकाणी स्कॅन करून घ्या, आकाशाचा निळा रंगसुद्धा जुळणार नाही. त्यामुळे फोटोखाली नुसतं कॅमेऱ्याचं आणि फिल्मचं नाव लिहिलं, तर बघणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. फोटो कसा निघाला, रोल कसा धुतला, स्कॅन कसं केलं आणि नंतर काय बदललं, हे सोबत आलं की तोच फोटो दुसऱ्याच्या कामी येतो. ही माहिती शेवटी आठवून लिहिता येत नाही. ती पहिल्यापासून जमवावी लागते, म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासूनच करू.

रोल भरण्याआधी कॅमेरा तपासा

मागचं दार उघडा आणि कडेच्या खाचांमधला काळा फोम बोटाने हलकेच दाबून बघा. जुन्या कॅमेऱ्यांत हा फोम चिकट होतो किंवा त्याचा भुगा होतो, आणि तिथून उजेड आत शिरतो. बदलायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने जुना फोम पुसून काढा, मात्र भुगा शटरच्या पडद्यावर पडू देऊ नका. एसएलआर कॅमेऱ्यात (आरशावरून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) आरसा वर जाऊन जिथे टेकतो तिथेही असाच फोम असतो, तो विसरू नका.

आता शटर. दार उघडं ठेवूनच एक सेकंद, अर्धा, पाव असे वेग लावून बटण दाबा. हळू वेगांवर यंत्र अडखळत असेल तर आतलं वंगण वाळलेलं असतं. शंका आली तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. शटर उघडल्याचा आणि मिटल्याचा ठोका आलेखात वेगवेगळा दिसतो, आणि दोन्हींतलं अंतर मोजलं की खरा वेग कळतो. एक तीसांशपेक्षा जलद वेगांसाठी मात्र ही युक्ती उपयोगाची नाही, ठोके एकमेकांत मिसळतात.

लेन्समधून टॉर्चचा झोत आरपार टाका. समोरच्या काचेवरच्या दोन-चार बारीक ओरखड्यांनी फोटो बिघडत नाही, लोक उगीच त्याची धास्ती घेतात. आत पसरलेला धुरकटपणा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी मात्र कॉन्ट्रास्ट खाऊन टाकते. अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी, पाती तेलकट दिसत असतील तर एसएलआरमध्ये तो खरा दोष समजा. फोटोच्या क्षणी ती पाती झटकन मिटायला हवीत. उशीर झाला की प्रत्येक फोटोत जास्त उजेड शिरतो.

बॅटरीचा प्रश्न कॅमेऱ्यागणिक वेगळा असतो. १९७६ साली आलेले दोन कॅमेरे घ्या. पेंटॅक्स के१००० मध्ये बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, ती संपली तरी शटर चालतच राहतं. कॅनन एई-१ चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, तिथे ६ व्होल्टची बॅटरी मेली की कॅमेरा बंद. त्याहून जुन्या अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पारा असलेल्या बॅटरीवर बेतलेले आहेत. पाऱ्यामुळे त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बसते, पण बहुतेक मीटर तिच्यावर उजेड जास्त दाखवतात आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्रात वापरतात ती झिंक-एअर बॅटरी मूळ व्होल्टेजच्या जवळ जाते. तिचा स्टिकर काढला की ती थोडेच आठवडे टिकते, तेव्हा रोल भरताना नवीच लावा.

रोल भरताना

३५ मिमीच्या रोलचा डबा कोडॅकने १९३४ मध्ये आणला आणि आजही तोच त्या जुन्या कॅमेऱ्यांत बसतो. १२० ची (३५ मिमीपेक्षा रुंद) फिल्म तर १९०१ पासूनची. तरीही रोल भरण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. खालून रोल भरायच्या जुन्या स्क्रू-माउंट लायका कॅमेऱ्यांना फिल्मचं टोक लांब कापून द्यावं लागतं, नाहीतर ती शटरच्या वाटेत अडकते.

नेहमीच्या कॅमेऱ्यात टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत घाला आणि लिव्हर ओढून दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसल्याची खात्री करा. दार बंद केल्यावर गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून ढिली फिल्म ताणून घ्या. मग लिव्हर ओढताना त्या खुंटीकडे लक्ष ठेवा. ती उलटी फिरली तर फिल्म पुढे सरकतेय. खुंटी स्थिर आणि आकडा मात्र पुढे, असं झालं तर रोल कोरा निघणार. ही एवढी सवय लावून घेतलीत तरी बरंच नुकसान वाचेल.

आयएसओचा, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा, आकडा हाताने लावायचा कॅमेरा असेल तर तो आत्ताच लावा. रोलच्या डब्यावरचा डीएक्स कोड, ज्यावरून कॅमेरा आयएसओ आपोआप वाचतो, १९८३ मध्ये आला, त्याआधीच्या कॅमेऱ्यांना तो वाचता येत नाही. खोक्याचा फ्लॅप फाडून कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवा किंवा खिशात ठेवा, म्हणजे आत कुठला रोल आहे हा प्रश्न पडत नाही.

फोटो काढताना वही हवीच

डिजिटल कॅमेरा सगळी नोंद स्वतः ठेवतो. फिल्म कॅमेरा काहीच ठेवत नाही. वेग, अ‍ॅपर्चर आणि दोन शब्द उजेडाबद्दल, एवढं प्रत्येक फोटोमागे लिहा. सगळ्या छत्तीस फोटोंचं जमलं नाही तर निदान अवघड उजेडातल्या फोटोंचं लिहा, कारण पुढे प्रश्न त्यांच्याबद्दलच पडतात. वहीत रोलला क्रमांक द्या: २०२५-०७ म्हणजे त्या वर्षीचा सातवा रोल. हाच क्रमांक निगेटिव्हच्या पाकिटावर, स्कॅनच्या फाइलवर आणि फोटोखालच्या ओळीत जाईल.

मीटरवर भरवसा नसेल तर साधा नियम आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि वेग आयएसओच्या आकड्याइतका: १०० च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. हलकं ढगाळ असेल तर एफ/११, पूर्ण ढगाळ असेल तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/४. रंगीत निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी पडलेला चालत नाही. सावलीतला तपशील निगेटिव्हवर उमटलाच नसेल तर स्कॅनर तो कुठून आणणार? स्लाइड फिल्मचं, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ रंगांचं चित्र देणाऱ्या फिल्मचं, उलट आहे. तिथे जास्तीच्या उजेडाने पांढरा भाग कायमचा जातो. मुदत उलटून गेलेल्या रंगीत रोलसाठी दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट उजेड) द्यायचा असा ठोकताळा आहे. रोल कुठे ठेवला होता यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे अशा फोटोखाली मुदतीचं वर्ष आणि तुम्ही धरलेला आयएसओ दोन्ही लिहा.

कापडी शटर-पडद्याचा रेंजफाइंडर (लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) असेल तर लेन्सवर झाकण ठेवत जा. त्यात आरसा नसतो, उन्हाकडे तोंड करून ठेवला तर लेन्स सूर्य थेट पडद्यावर आणते आणि बारीक भोक जळतं. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका येतो.

शेवटी लिव्हर जड लागली की थांबा. ओढलीत तर फिल्म फाटेल. तळाचं बटण दाबून रोल गुंडाळा. ताण एकदम सैल झाला की टोक सुटलं, मग दार उघडा. विमानप्रवासात न धुतलेले रोल हातातल्या सामानात ठेवा आणि शक्य तिथे हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने फिल्म धुरकट होऊ शकते, आणि चेक-इन सामानाची यंत्रंही तिला घातक आहेत.

रोल धुताना

कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. अंधाऱ्या पिशवीत फिल्म रिळावर चढवून टाकीत बंद करायची आणि पुढचं सगळं उजेडात: डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं), फिक्सर (चित्र कायम करणारं), धुणं. तापमान २० अंश सेल्सियस धरतात आणि वेळ फिल्म-डेव्हलपरच्या जोडीप्रमाणे बदलते, ती उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. वहीत डेव्हलपर, त्याचं पाण्याशी प्रमाण, तापमान, मिनिटं आणि टाकी किती वेळाने हलवली हे लिहा. रंगीत निगेटिव्हची सी-४१ प्रक्रिया १९७२ पासून आहे. तिचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि तिथे तापमानाची चूक फार खपत नाही, म्हणून बहुतेक जण रोल लॅबमध्येच धुवायला टाकतात. तेही ठीकच.

लॅबला तीन गोष्टी आधी सांगा. निगेटिव्ह परत हवेत. रोल ढकलून काढला असेल, म्हणजे ४०० ची फिल्म १६०० धरली असेल, तर ते रोलवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आणि फिल्म सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठीची असेल तर ते नक्की बोला. अशा अनेक फिल्मच्या पाठीला कार्बनचा काळा थर असतो. तो सी-४१ च्या यंत्रात गेला तर रसायन खराब होतं आणि मागून येणाऱ्या लोकांचे रोलही.

निगेटिव्ह आधी डोळ्यांनी वाचा

स्कॅन करायच्या आधी पट्टी उजेडासमोर धरा. स्कॅनवरून न कळणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे दिसतात, आणि मदत मागताना लोक नेमक्या याच विचारतात.

रोल कोरा निघाला तर कडा बघा. फिल्मचं नाव आणि आकडे कडेला स्पष्ट छापलेले दिसतात का? दिसत असतील तर धुणं बरोबर झालंय, फिल्मवर उजेडच पडला नाही. बहुधा ती कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती. आकडेही नसतील तर दोष रसायनांत आहे. डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी पडला. ही एकच खूण नीट बघितली की कॅमेऱ्यावर उगीच आळ येत नाही.

उजेड शिरल्याची खूण, निगेटिव्हवर काळा डाग, भोकांपर्यंत गेली असेल तर तो दारातून शिरला. डाग चौकटीच्या आतच थांबत असेल तर पडदा किंवा लेन्सकडची बाजू तपासा. रंगीत फिल्मवर मागून शिरलेला उजेड फोटोत लालसर-नारिंगी दिसतो, समोरून आलेला पांढरट. फोटोत चौकटीची एकच बाजू जलद वेगावर काळवंडत असेल तर शटरचे दोन पडदे एका चालीने धावत नाहीत. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर दोष फिल्म पुढे नेणाऱ्या यंत्रणेत. कृष्णधवल पट्टीवर दुधी डाग राहिले असतील तर फिक्सर कमी पडला. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवलंत तर ते बहुतेक वेळा जातात.

स्कॅन करताना

फ्लॅटबेड स्कॅनर, फिल्म स्कॅनर किंवा डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचाच फोटो, असे तीन रस्ते आहेत. मॅक्रो लेन्स हाताशी असेल तर मी तिसरा सुचवेन. वेळ वाचतो आणि ३५ मिमीच्या फिल्मला तपशील भरपूर मिळतो. १२० च्या मोठ्या निगेटिव्हसाठी फ्लॅटबेडही पुरतो.

रिझोल्यूशनचा हिशेब एकदा समजून घ्या. ३५ मिमीची चौकट २४ गुणिले ३६ मिमी असते. २४०० पीपीआयने (एका इंचात २४०० पिक्सेल) स्कॅन केलं तर साधारण २२७० गुणिले ३४०० पिक्सेल, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. स्क्रीनवर दाखवायला हे पुरेसं आहे. फ्लॅटबेडच्या खोक्यावरचे मोठमोठे आकडे प्रत्यक्षात तेवढा तपशील देत नाहीत.

कॅमेऱ्याने करायचं असेल तर निगेटिव्हखाली चांगल्या रंगांचा एलईडी पॅनेल हवा, ज्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वर असेल असा. खोली अंधारी करा आणि पट्टीभोवतीचा मोकळा उजेड काळ्या कागदाने झाका. कॅमेरा फिल्मशी समांतर आहे का हे बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब स्क्रीनच्या मधोमध आलं की समांतर झालं. अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १००, टायमर लावून, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फोकस चित्रावर नको, ग्रेनवर करा. लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा केल्यावर ग्रेनचे दाणे टोकदार दिसले पाहिजेत.

एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठला धरायचा) हाताने ठरवा आणि अख्ख्या रोलभर बदलू नका. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लॅबचं यंत्र प्रत्येक चौकट आपल्या मनाने दुरुस्त करतं. तुम्ही मुद्दाम अंधारा ठेवलेला फोटो ते उजळवतं, संध्याकाळचा पिवळेपणा काढून टाकतं. मग एक स्टॉप कमी-जास्त देऊन काढलेल्या दोन फोटोंची तुलना करायला जाल तर दोन्ही सारखेच दिसतील. स्थिर सेटिंगवर स्कॅन केलेला रोल मात्र तुमच्या एक्स्पोजरचं खरं चित्र दाखवतो.

उलटवताना, म्हणजे निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करताना, रंगीत फिल्मचा नारिंगी पाया आड येतो. चौकटीबाहेरची थोडी रिकामी पट्टी स्कॅनमध्ये राहू द्या, तिच्यावर व्हाइट बॅलन्स घ्या, मग ती कापा आणि लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलचे लेव्हल्स वेगवेगळे जुळवा. भोकांमधून येणारा लख्ख पांढरा उजेड आधीच कापला नाही तर सगळा हिशेब चुकतो. चित्र आरशातल्यासारखं उलटं आलं नाही ना, हे कडेच्या अक्षरांवरून बघा. ती सरळ वाचता आली पाहिजेत.

धूळ हाताने काढा. स्कॅनरमधलं इन्फ्रारेड धूळ काढणारं तंत्र चांदीवर आधारलेल्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, चांदीच इन्फ्रारेड अडवते. नॉइज कमी करणारी साधनं तर अजिबात वापरू नका, ती ग्रेन पुसून चेहऱ्यांना मेणाची कांती देतात.

फाइल, नाव आणि तारीख

मूळ स्कॅन १६ बिट टिफमध्ये ठेवा आणि दाखवण्यासाठी वेगळी जेपेग काढा: लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास, रंग एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच). शार्पनिंग आकार लहान केल्यानंतर करा, आधी केलंत तर लहान फाइलमध्ये ग्रेन वाळूसारखा टोचतो. फाइलचं नाव वहीप्रमाणे: २०२५-०७-१८, सातव्या रोलची अठरावी चौकट. फाइलच्या आत तारीख स्कॅनची असते आणि कॅमेऱ्याचं नाव ज्याने स्कॅन केलं त्याचं. एक्झिफटूलसारख्या साधनाने खरी तारीख, कॅमेरा आणि लेन्स भरता येतात. पंचवीस वर्षांपूर्वीचा रोल आज धुतला असेल तर ही दुरुस्ती केलीच पाहिजे.

फोटोखाली काय लिहायचं

नमुना म्हणून एक नोंद:

"पेंटॅक्स के१०००, ५० मिमी एफ/२. कोडॅक ट्राय-एक्स ४००, ४०० वरच. १/१२५, एफ/८, खिडकीचा उजेड. डेव्हलपर डी-७६ एकास एक, २० अंश. डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला, वरून थोडं कापलं. उजव्या कडेची पांढरी पट्टी दाराच्या फोममुळे, अजून बदललेला नाही."

चार-पाच ओळी, पण यातून दुसऱ्याला काय काय मिळतं बघा. त्याच कॅमेऱ्याच्या मालकाला आपल्या पट्टीचं कारण सापडतं. ट्राय-एक्स पहिल्यांदा वापरणाऱ्याला खिडकीच्या उजेडाचा अंदाज येतो. कॉन्ट्रास्टचं श्रेय लेन्सला जात नाही. रोल लॅबमध्ये धुतला असेल तर 'लॅबचं स्कॅन, नंतर काही बदल नाही' एवढं लिहिलंत तरी चालेल. आठवत नसलेला वेग अंदाजाने ठोकून देऊ नका, ती जागा सोडा.

छत्तीस फोटोंतले चार-पाच निवडा. एकाच दृश्याचे तीन फोटो टाकायचे तर त्यांत फरक काय केला ते सांगा, नाहीतर एकच ठेवा. अपवाद कॉन्टॅक्ट शीटचा. अख्खा रोल एका पानावर, फसलेल्या चौकटींसकट, दाखवला तर फोटो काढणाऱ्याने कुठून सुरुवात केली आणि कशाभोवती फिरत राहिला ते कळतं. अशी शीट बघायला मला सुट्या फोटोंपेक्षा जास्त आवडते.

कुणाच्या जुन्या कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला रोल निघाला आणि तुम्ही तो धुतला, तर त्यातली माणसं तुमची नाहीत. ओळखू येणारे चेहरे, लहान मुलं, घराच्या आतली दृश्यं जगासमोर मांडण्याआधी कॅमेरा जिच्याकडून आला त्या व्यक्तीला विचारा. तिला त्या फोटोंच्या प्रती देणं हे पहिलं काम.

निगेटिव्ह ठेवायचे कसे

३५ मिमीची पट्टी सहा-सहा चौकटींची कापा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. पीव्हीसीचं प्लास्टिक टाळा. जागा थंड आणि कोरडी हवी, दमट कपाटात बुरशी धरते. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरचा आंबट वास आला तर ती कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिचं स्कॅन सगळ्यांत आधी उरका.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना

कुणी डाग पडलेला किंवा काळवंडलेला फोटो टाकून कारण विचारलं, तर स्कॅन बघून निदान करू नका. आधी निगेटिव्हच्या पट्टीचा, कडा आणि भोकं दिसतील असा, उजेडासमोर धरून काढलेला फोटो मागा. रोलमधल्या किती चौकटींत दोष आहे, कुठल्या वेगांवर आहे आणि नेहमी त्याच बाजूला आहे का, हे विचारा. कारण सापडलं की फोटो टाकणाऱ्याला मूळ नोंदीतच ते लिहायला सांगा. पुढच्या वर्षी तोच कॅमेरा हातात घेणारा ती नोंदच आधी शोधणार आहे.